डांबरगोळीतून निघालेली नीळ

कपड्यांच्या कपाटात आपण डांबरगोळी टाकतो, पण तिच्या नावात डांबर कसं आलं याचा विचार सहसा होत नाही. ती खरोखरच डांबराची लेक आहे. दगडी कोळसा हवा न लागू देता तापवला की जळाऊ वायू निघतो आणि त्याबरोबर काळं, चिकट डांबरही. त्या डांबरातलं नॅप्थॅलिन म्हणजे आपली गोळी.

जर्मनीतल्या मानहाइम शहरात फ्रीडरिश एंगेलहॉर्न दिव्यांसाठी असा वायू पुरवत. डांबरापासून रंग बनतात हे कळल्यावर १८६५ साली त्यांनी रंगांची कंपनी काढली. मानहाइममध्ये जागेचं जमेना, तेव्हा कारखाना ऱ्हाइन नदी ओलांडून समोरच्या लुडविग्सहाफेनला उभा राहिला. हाफेन म्हणजे बंदर. बव्हेरियाच्या राजा लुडविगचं हे बंदर. मानहाइम मात्र बाडेन राज्यात होतं. कंपनीच्या 'बीएएसएफ' या नावातला 'बी' अजून त्या बाडेनचाच आहे.

नदीकाठ सोडून हा कारखाना चाललाच नसता. कोळसा बोटीने यायचा, माल बोटीने जायचा आणि पाणी तर दाराशीच.

इथल्या रसायनशास्त्रज्ञांना निळीने सर्वांत जास्त झुंजवलं. आडोल्फ फोन बायर यांनी तिच्या रेणूची रचना १८८३ पर्यंत उलगडली होती, पण चमचाभर नीळ करणं वेगळं आणि परवडेल अशा भावात टनावारी करणं वेगळं. सुरुवात नॅप्थॅलिनपासून करायची, तर आधी त्याचं थॅलिक आम्ल व्हायला हवं, आणि ती पायरी फार रखडत होती. सांगतात, की तापलेल्या मिश्रणात एकदा तापमापक फुटला आणि पारा सांडला. अभिक्रिया एकदम भरभर होऊ लागली! पाऱ्याचा क्षार उत्प्रेरक ठरला होता. १८९७ साली कारखान्यातली नीळ बाजारात आली.

तिचा फटका बिहारला बसला. चंपारणच्या रयतेला दर वीस कठ्ठ्यांमागे (कठ्ठा हे तिथलं जमिनीचं माप) तीन कठ्ठ्यांत मळेवाल्यांसाठी नीळ लावावीच लागे. नैसर्गिक निळीचा भाव कोसळला, तेव्हा मळेवाल्यांनी त्या सक्तीतून सोडवण्याच्या बदल्यात वाढीव खंड किंवा रोख रक्कम मागितली. नुकसान त्यांचं, भरपाई कुळांकडून. १९१७ साली गांधीजी चंपारणला पोचले तेव्हा शेतकऱ्यांच्या जबान्यांत हेच गाऱ्हाणं होतं. रसायनशास्त्राच्या इतिहासात हे पान क्वचितच जोडलं जातं, आणि ते मला खटकतं.

पुढे लुडविग्सहाफेनलाच, ओप्पाऊ भागात, १९१३ पासून हवेतल्या नायट्रोजनचा अमोनिया होऊ लागला, खतांचं युग आलं.

एवढा कारखाना आजही नदीच्या पातळीकडे डोळे लावून असतो. २०१८ च्या कोरड्या ऑक्टोबरात खालच्या अंगाला काउब इथली मोजपट्टी २५ सेंटिमीटरवर आली. बोटींच्या वाटेत पाणी याहून मीटरभर जास्त असतं, तरी भरलेल्या बोटीला ते पुरत नाही. त्या वर्षी कंपनीला सुमारे २५ कोटी युरोंचा फटका बसला. म्हणून २०२३ साली मुद्दाम १३५ मीटर लांब, रुंद आणि उथळ बुडाची बोट उतरवली. काउबची पट्टी ३० सेंटिमीटर दाखवत असतानाही ती ८०० टन माल घेऊन जाते.