‘बिट्रेयल’ आणि ‘द रिअल थिंग’: गफलत कुठे होते?

लंडन, पुस्तकं-नाटकांच्या धंद्यातली बोलघेवडी माणसं, नवरा-बायको आणि बाहेरचं प्रकरण. हॅरॉल्ड पिंटरचं ‘बिट्रेयल’ (१९७८) आणि टॉम स्टॉपर्डचं ‘द रिअल थिंग’ (१९८२) ही दोन नाटकं डोक्यात एकमेकांत मिसळतात, यात नवल नाही. त्यात नट जेरेमी आयर्न्स पहिल्याच्या चित्रपटात आणि दुसऱ्याच्या ब्रॉडवे प्रयोगात. तो प्रयोग बसवणाऱ्या माइक निकोल्सनेच २०१३ मध्ये ‘बिट्रेयल’ही बसवलं.

‘बिट्रेयल’ सुरू होतं प्रकरण संपल्यानंतर. १९७७ मधून मागे मागे १९६८ कडे, मधले काही प्रवेश मात्र सरळ पुढे. शेवट आधीच ठाऊक, म्हणून आपण बघत राहतो ते कुणाला काय, कधी कळलं होतं हे. व्हेनिसमध्ये रॉबर्टला बायकोचं आणि जिवलग मित्राचं बिंग कळतं. लंडनला परतल्यावर तो त्याच मित्राबरोबर, जेरीबरोबर, जेवायला बसतो. वाइन ढोसतो, कादंबऱ्यांवर आग ओकतो आणि मूळ विषयाबद्दल चकार शब्द काढत नाही. जेरीला पत्ताच नाही. नवऱ्याने इतकी वर्षं गप्प राहणं हीसुद्धा प्रतारणाच, असं मला तरी वाटतं. दिग्दर्शक जेमी लॉइडच्या २०१९ च्या प्रयोगात तिघंही सतत रंगमंचावर होती. दोघं बोलत असताना तिसरा तिथेच.

स्टॉपर्डची चाल वेगळी. पहिल्या प्रवेशात परदेशी गेलेल्या बायकोचा पासपोर्ट नवऱ्याला घरातच सापडलेला असतो. तो चुरचुरीत वाक्यांनी तिला सोलून काढतो. मग कळतं, हे हेन्री नावाच्या नाटककाराचं नाटक होतं. ती नटी हेन्रीची बायको, आणि हेन्रीचं सूत जुळलंय त्या नटाच्या, मॅक्सच्या, बायकोशी. खरोखरची वेळ येते तेव्हा मॅक्स नुसता कोसळतो, एक चमकदार वाक्य सुचत नाही. पुढे पाळी हेन्रीची.

पुन्हा रंगमंचावर आणताना ‘बिट्रेयल’ला फारशी डागडुजी लागत नाही. स्टॉपर्डच्या नाटकातलं ब्रोडी या सैनिकाचं राजकीय उपकथानक मात्र आता त्या काळातलंच वाटतं.

‘बिट्रेयल’ बऱ्याचदा मध्यंतराविना दीडेक तासात आटोपतं. ‘द रिअल थिंग’ दोन अंकी आहे; त्याला उशिरा पोचू नका, पहिला प्रवेश चुकला की मॅक्सच्या रडण्याला अर्थच उरत नाही.