रंगूनची वाट बंद झाली आणि मुंबईत रेशन आलं

मुंबईला पुरेल एवढा भात आसपासच्या खाचरांत कधीच पिकला नाही. गिरण्यांमुळे वस्ती वाढत गेली, तसा ब्रह्मदेशचा तांदूळ बोटींनी येऊ लागला. मार्च १९४२ मध्ये जपानने रंगून घेतलं आणि ती वाट बंद पडली. १९४३ मध्ये बंगालात दुष्काळ पडला, सुमारे तीस लाख माणसं गेली. त्यामागे भाववाढ, साठेबाजी आणि सरकारी धोरणंही होती, पण ब्रह्मदेशचा तांदूळ तुटणं हे मोठं कारण होतं. त्याच वर्षी मुंबईत शिधावाटप सुरू झालं.

स्वातंत्र्यानंतरही टंचाई संपली नाही. एका भागातून दुसऱ्या भागात धान्य नेण्यावर बंधनं होती. रेशनवर मिळणारा तांदूळ भात खाणाऱ्या घरांना पुरत नसे. मग वसई-कर्जतकडच्या गरीब बायका पोटाला, पाठीला तांदळाच्या पिशव्या बांधून लोकलने शहरात येत. पकडल्या गेल्या की मालही जाई आणि दिवसाची कमाईही. कायद्याच्या भाषेत ती तस्करी होती. मला मात्र त्यात व्यवस्थेचं अपयश दिसतं. १९७२ च्या दुष्काळात मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासोबत मुंबईच्या बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, त्या याच टंचाईतून आलेल्या महागाईविरुद्ध.

दरम्यान १९६५ मध्ये सरकारसाठी धान्य खरेदी करून साठवणारं अन्न महामंडळ स्थापन झालं, १९६६ मध्ये फिलिपाइन्सच्या संशोधन केंद्रातून ‘आयआर-८’ हे भाताचं बुटकं, जास्त पीक देणारं वाण आलं. उत्पादन वाढलं आणि घेणारा भारत विकणारा झाला.

जग आता आपल्यावर विसंबून आहे. निम्म्याहून अधिक माणसं भातावर जगतात, पण पिकलेल्या तांदळापैकी जेमतेम दहावा हिस्सा देशोदेशी विकला जातो. त्यामुळे एका मोठ्या देशाने हात आखडला की भाव भडकतात. २००७-०८ मध्ये भारताने निर्यात रोखली, तेव्हा तेच झालं. जागतिक व्यापारात सुमारे ४० टक्के वाटा असताना जुलै २०२३ मध्ये आपण बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात पुन्हा बंद केली आणि आफ्रिकेतल्या गरीब देशांना झळ बसली.

गोदामं भरलेली असली, तरी मुंबईतला प्रश्न सुटलेला नाही. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने माणशी महिना पाच किलो धान्याचा हक्क दिला. मात्र लाभार्थ्यांची संख्या अजून २०११ च्या जनगणनेवर बांधलेली आहे. या कायद्याखाली स्वस्त धान्य मिळणाऱ्या ‘प्राधान्य कुटुंबां’साठी राज्याने शहरी भागात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ठरवली ५९ हजार रुपये, म्हणजे महिन्याला पाच हजारही नाहीत. एवढ्यात इथे झोपडीचं भाडंही भागत नाही.