तीन नर्स आणि आठवड्याचे १६८ तास

गावाकडे पीएचसीचा, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राचा विषय निघाला की बोलणं फिरून फिरून डॉक्टरवरच येतं, आहेत का, मुक्कामी राहतात का, की चारला निघून जातात. तो प्रश्न आहेच, पण खरी गोची मला नर्सच्या ड्युटी चार्टमध्ये दिसते.

सरकारी मानकं आहेत, आयपीएचएस म्हणतात त्यांना, २००७ ला आली, २०१२ आणि २०२२ मध्ये सुधारली. सपाट भागात ३० हजार लोकांमागे एक केंद्र, आदिवासी आणि डोंगराळ भागात २० हजारांमागे एक. २०१२ च्या मानकांत महिन्याला २० पेक्षा कमी बाळंतपणं होणाऱ्या केंद्राला किमान ३ स्टाफ नर्स धरल्या होत्या, आणि बाळंतपणाची सोय मात्र चोवीस तास.

आता साधा हिशोब करा. आठवड्याचे १६८ तास, एका नर्सचे ४८, म्हणजे साडेतीन नर्स लागल्या, तेही कुणी आजारी न पडता. रजा, सणवार, ट्रेनिंग यात वर्षातले सात आठवडे गेले असं धरलं तर आकडा चारच्या वर जातो. मंजूर तीन, त्यात एक पद रिकामं, मग उरलेल्या दोघींचे ९६ तास होतात आणि आठवड्यातले ७२ तास कुणाचेच नाहीत. मग उपकेंद्रातल्या एएनएमताईंना (सहाय्यक नर्सना) नाईटला बोलवायचं, आणि तिकडे लसीकरणाचं सत्र पुढे ढकलायचं. एक भोक बुजवताना दुसरं पडतं.

बरं, नाईटला एकटी नर्स असली तरी चालतं का? बाळ जन्मलं की एका मिनिटाच्या आत आईला ऑक्सिटोसिन द्यायचं असतं, म्हणजे गर्भाशय आकुंचन पावतं आणि रक्तस्राव आटोक्यात राहतो. त्याच मिनिटात बाळ रडलं नाही तर पुसून, उत्तेजन देऊन, तरी श्वास घेत नसेल तर बॅग-मास्कने श्वास द्यायला सुरुवात करायची असते. दोन पेशंट, दोघांनाही मिनिटभराचीच मुदत, आणि हात फक्त दोन. कितीही हुशार नर्स असू दे, इथे तिचं कौशल्य कमी पडत नाही, दुसरं माणूस कमी पडतं.

गुणवत्तेसाठी एनक्यूएएस नावाची वेगळी तपासणी असते, त्यात प्रत्येक मुद्द्याला ०, १ किंवा २ मार्क, सर्टिफिकेटला किमान ७० टक्के लागतात. पद्धत चांगली आहे, नुसते कागद बघत नाहीत, स्टाफला विचारतात, पेशंटशी बोलतात, स्वतः पाहणी करतात. पण रंगरंगोटी, बोर्ड, कचऱ्याचे रंगीत डबे महिनाभरात उभे राहतात (आणि राहतातही बघा, तपासणीच्या आधी!), रिकामं पद केंद्राच्या हातात नसतंच, ते वरून भरायचं.

जागतिक आरोग्य संघटनेची विस्न नावाची एक पद्धत आहे, तिच्यात लोकसंख्या सोडून कामापासून सुरुवात होते. एका बाळंतपणाला किती वेळ, एका लसीकरणाला किती, रजिस्टर भरण्यात किती, हे मोजायचं, वर्षभरात अशी कामं किती होतात त्याने गुणायचं, मग त्याला एका कर्मचाऱ्याच्या वर्षभराच्या खऱ्या उपलब्ध तासांनी भागायचं आणि आलेला आकडा हजर स्टाफशी ताडून बघायचा. हजर भागिले गरज एकापेक्षा जितकं खाली, तितका ताण जास्त. म्हणजे शेजारशेजारची दोन केंद्रं, दोन्हीकडे ३० हजार लोक आणि ३ नर्स, तरी एकीकडे बरं चाललेलं आणि दुसरीकडे सगळी बाळंतपणं तिथेच येतात म्हणून नर्सला जेवायला फुरसत नाही, हा फरक लोकसंख्येच्या तक्त्यात कधीच दिसणार नाही, या भागाकारात लगेच दिसतो.