गाडी कोल्हापूरची, वॉरंटी बेळगावात चालत नाही?

निपाणी, चिकोडी, खानापूर भागात एक मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय: "गाडी जिथून घेतली, वॉरंटीचं काम तिथंच होतं, महाराष्ट्रात घेतलेली गाडी कर्नाटकात फुकट दुरुस्त करत नाहीत."

असं वाटणं साहजिक आहे. रोड टॅक्स राज्याचा, नंबरही केए २२ नाहीतर केए २३. पण वॉरंटी देते कंपनी, शोरूम नव्हे. त्यामुळे देशातल्या तिच्या कुठल्याही अधिकृत सर्व्हिस सेंटरात ती चालते. डॅशबोर्डच्या कप्प्यातलं वॉरंटी पुस्तक काढा, अटी वाचा. कंपनीच्या हेल्पलाइनला चेसिस नंबर सांगितला की मुदतही कळते. शोरूमनं स्वतःहून दिलेल्या वस्तू मात्र त्याच्याकडंच. टायर-बॅटरीची हमी बहुधा त्या-त्या उत्पादकाची असते.

खरा त्रास पुढं असतो. "पार्ट यायचाय" म्हणत गाडी तीन-तीन आठवडे शेडमध्ये उभी, घरात म्हाताऱ्या माणसाला दवाखान्यात न्यायचं असतं, आणि हातात कागद काहीच नाही. म्हणून गाडी सोडताना जॉब कार्ड, म्हणजे गाडी दुरुस्तीला घेतल्याचा सर्व्हिस सेंटरचा कागद, घ्याच. त्यावर तक्रार तुमच्या शब्दांत, किलोमीटर आणि तारीख हवी. पार्टची ऑर्डर कधी टाकली ते ईमेलवर विचारा; तोंडी उत्तरावर थांबू नका. मग तीच ईमेल कंपनीला पाठवा.

तरीही हलले नाहीत, तर २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तुम्ही राहता त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. कोल्हापूरच्या खेपा नकोत. मुदत साधारण २ वर्षं, आणि तिथं पहिल्यांदा कामी येतं ते जॉब कार्डच.