पार्श्वभूमी : जिरेनियमच्या बाटलीतले खानदेशी गवत

जिरेनियमचे तेल चेहऱ्याला चालते का, किती थेंब घ्यायचे, गरोदर बाईने वास घेतला तर बिघडते का, असे प्रश्न आता आपल्याकडे शेतकऱ्यांच्या घरांतही निघतात. २०१७ पासून सुगंधी पिकांची सरकारी मोहीम सुरू झाली. त्यानंतर पश्चिम महाराष्ट्रात आणि मराठवाड्यात कुणी एकरभर, कुणी पाच एकर जिरेनियम लावले आणि काही गावांत डिस्टिलेशनचे, म्हणजे वाफेने तेल काढण्याचे, प्लांट उभे राहिले. वापर आणि काळजी याबद्दल पुढे लिहिलेच आहे. पण त्याआधी एक गुंता सोडवावा लागतो. बाजारात ‘जिरेनियम तेल’ या एकाच नावाखाली दोन वेगळ्या वनस्पतींची तेले दीर्घकाळ विकली गेली, आणि त्यातले एक आपल्या सातपुड्याच्या पायथ्याशी निघत होते.

खऱ्या जिरेनियमचे मूळ दक्षिण आफ्रिकेत, केपच्या परिसरात. सतराव्या शतकात ते युरोपातल्या बागांत पोचले. १७५३ च्या वर्गीकरणात त्याला जिरेनियम हे नाव मिळाले, १७८९ मध्ये ते वेगळे काढून पेलार्गोनियम केले गेले. पहिले नाव क्रौंचावरून, दुसरे ढोक पक्ष्यावरून, कारण दोन्हींच्या फळाला लांब चोच असते. शास्त्राने नाव बदलले, पण व्यापाऱ्यांनी जुनेच धरून ठेवले. एकोणिसाव्या शतकात दक्षिण फ्रान्समध्ये तेलासाठी लागवड झाली. पुढे ती अल्जीरियात आणि हिंदी महासागरातल्या रेयुनियाँ बेटावर गेली. या बेटाचे जुने नाव बूर्बाँ, म्हणून तिथल्या तेलाला आजही ‘बूर्बाँ’ म्हणतात. भारतात हे झाड विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तमिळनाडूतल्या येरकाडच्या डोंगरात आले आणि मग निलगिरीत रुजले.

आता खानदेश. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून ‘रोशा तेल’ बाहेर जाई. हे तेल गवताचे. संस्कृतात त्याला रोहिष म्हणतात, आपल्याकडे रोशा किंवा तिखाडी. पिंपळनेर आणि नंदुरबारकडच्या डोंगरउतारांवर ते भरपूर उगवे. पावसाळा सरून गवत फुलोऱ्यावर आले की ओढ्याकाठी भट्ट्या लागत. ओढा हवाच, कारण वाफ थंड करायला भरपूर पाणी लागते. डेगेत गवत आणि पाणी भरायचे, तोंड लिंपून बंद करायचे, त्यातून बांबूची नळी काढायची आणि तिचे दुसरे टोक पाण्यात बसवलेल्या तांब्याच्या भांड्यात सोडायचे. एवढ्याशा साधनावर युरोपच्या सुगंधबाजाराचा मोठा भार उभा होता. मला या साऱ्या कहाणीत सर्वांत महत्त्वाची वाटते ती ही ओढ्याकाठची माणसे. त्यांची नावे कुठल्या बाटलीवर आली नाहीत.

मुंबईहून माल तांबड्या समुद्रातल्या बंदरांवर उतरे आणि अरबस्तानमार्गे कॉन्स्टँटिनोपलला (आजच्या इस्तंबूलला) जाई. तिथे लिंबाचा रस घालून, उन्हात ठेवून त्याचा रंग आणि उग्रपणा कमी करत आणि ते गुलाबाच्या अत्तरात मिसळत. तुर्की व्यापारात त्याला ‘इद्रिस यागी’ म्हणत. युरोपच्या व्यापाऱ्याला ते तुर्कस्तानकडून मिळे, म्हणून त्याने नाव ठेवले ‘टर्किश जिरेनियम’. खरे गाव कळल्यावर ‘ईस्ट इंडियन जिरेनियम’ झाले, नेमाडवरून ‘नेमार तेल’ही झाले. गुलाबासारखा वास असलेले आणि गुलाबापेक्षा स्वस्त ते सगळे जिरेनियम, असा हिशेब होता.

या तेलाला नुसते ‘भेसळीचे तेल’ म्हणून निकालात काढणारे लिखाण बरेच आहे, आणि ते मला पटत नाही. रोशा तेलात टर्पेंटाइन किंवा रॉकेल मिसळणारेही होते, हे खरे. पण गवताचे तेल गुलाबाच्या नावाने विकण्याचा खोटेपणा भट्टीवर नव्हे, बाजारात होत होता. मुळात ते स्वतःच्या गुणाने चांगले तेल आहे. त्याचे मोतिया आणि सोफिया हे दोन प्रकार पूर्वी एकाच गवताच्या कोवळ्या आणि जून अवस्था मानले जात. नंतर लक्षात आले की ते गवताचेच दोन वेगळे वाण आहेत. मोतियाच्या तेलाला आज पामारोझा म्हणतात.

हा घोळ रसायनशास्त्राच्या पुस्तकातही कायमचा बसला आहे. १८७१ मध्ये एका जर्मन रसायनज्ञाने भारतातून आलेल्या या गवताच्या तेलातून एक सुगंधी द्रव्य वेगळे काढले. व्यापारात तेलाचे नाव जिरेनियम, म्हणून द्रव्याचे नाव पडले जिरॅनिऑल. म्हणजे जिरॅनिऑलच्या नावात जिरेनियम असले तरी ते पहिल्यांदा हाती लागले ते गवतातून. पामारोझात त्याचे प्रमाण साधारण तीनचतुर्थांश किंवा त्याहून जास्त असते. खऱ्या जिरेनियममध्ये सहसा सिट्रोनेलॉल हे दुसरे सुगंधी द्रव्य वरचढ असते आणि जिरॅनिऑल त्याच्या मागे.

वापरणाऱ्याच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे. जिरेनियमच्या पाल्यात तेल साधारण ०.१ ते ०.२ टक्के, म्हणजे टनभर पाल्यातून एक-दोन किलो. त्यामुळे ते महाग, आणि स्वस्त पामारोझा किंवा कृत्रिम जिरॅनिऑल मिसळण्याचा मोह आजही आहे. ज्याच्या त्वचेला जिरॅनिऑल सोसत नाही, त्याला अशा बाटलीचा त्रास अधिक. युरोपात २००५ पासून जिरॅनिऑल, सिट्रोनेलॉल, लिनॅलूल या सुगंधी द्रव्यांची नावे सौंदर्यप्रसाधनांच्या वेष्टनावर ठरावीक प्रमाणाच्या वर असली तर छापावीच लागतात. मर्यादा अंगावर राहणाऱ्या उत्पादनात ०.००१ टक्के, धुऊन टाकायच्या उत्पादनात ०.०१ टक्के. २०२३ मध्ये ही यादी आणखी वाढवण्यात आली. आपल्याकडच्या लहान बाटल्यांवर वनस्पतीचे शास्त्रीय नावदेखील पुष्कळदा नसते. पेलार्गोनियम हे नाव दिसले नाही तर ती बाटली घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

नावाचा आणखी एक गैरवापर अगदी अलीकडचा. १,३-डायमिथाइल-अमाइलअमाइन हे उत्तेजक द्रव्य १९४० च्या दशकात चोंदलेल्या नाकावरचे औषध म्हणून पेटंट झाले होते. पुढे व्यायामाच्या पूरक आहारात ते ‘जिरेनियम अर्क’ या नावाने आले. आधार होता १९९६ मधल्या एका चिनी निबंधाचा, ज्यात ते जिरेनियमच्या तेलात सापडल्याचे म्हटले होते. काही प्रयोगशाळांनी अत्यल्प अंश सापडल्याचे सांगितले, पण बहुतेकांना अस्सल तेलात काहीच मिळाले नाही. २०१० मध्ये खेळाडूंसाठी त्यावर बंदी आली आणि २०१२ मध्ये अमेरिकेतल्या नियामकांनी उत्पादकांना इशारे दिले. हे द्रव्य रक्तदाब वाढवते. पावडरच्या डब्यावर जिरेनियम लिहिले आहे म्हणून ती वनौषधी समजू नये.

आता वापर. या तेलाचा खरा आणि सिद्ध उपयोग सुगंधाचा आहे : साबण, क्रीम, अत्तर. डासांना ते काही वेळ दूर ठेवते, पण लवकर उडून जाते, म्हणून डेंग्यूच्या दिवसांत एकट्या त्याच्यावर विसंबू नये. नागीण बरी झाल्यावर मागे राहणाऱ्या वेदनेवर त्याचा तात्पुरता आराम एका लहान चाचणीत दिसला होता. हार्मोनचे संतुलन साधते, सुरकुत्या घालवते, हे दावे मात्र पुराव्याच्या खूप पुढे गेलेले आहेत.

तेल नुसते त्वचेवर लावू नये. ३० मिली खोबरेल किंवा तिळाच्या तेलात सहा थेंब टाकले की साधारण एक टक्का होतो. चेहऱ्याला त्याहून जास्त नको. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक-दोन दिवस वाट पाहावी. पोटात घेऊ नये. डोळ्यांपासून लांब ठेवावे. गरोदरपणी आणि तान्ह्या बाळासाठी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर हे झाडही त्याच्या तोंडाला लागू देऊ नये. प्लांटवर काम करणाऱ्यांनी हातमोजे घालावेत, कारण ॲलर्जी पहिल्या दिवशी येत नाही, वारंवार स्पर्शाने येते. एकदा आली की सहसा जात नाही.

बाटली गडद काचेची, झाकण घट्ट आणि जागा थंड असावी. हवा लागली की लिनॅलूल आणि जिरॅनिऑल ऑक्सिजनशी संयोग पावतात, आणि त्यातून तयार होणारी द्रव्ये ताज्या तेलापेक्षा त्वचेला अधिक त्रास देतात. वास बदललेले जुने तेल अंगाला लावू नये.