उकळलेलं पाणी कोण पितं?

पेरूमधल्या लोस मोलिनोस गावात एक आरोग्यसेविका दोन वर्षं घरोघरी जाऊन पाणी उकळून प्यायला सांगत होती. गावात सुमारे २०० कुटुंबं. त्यातल्या ११ कुटुंबांनी तिचं ऐकलं. मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड वेलिन यांनी या अपयशाची कारणं शोधली. त्यांचा अभ्यास १९५५ साली प्रसिद्ध झाला. गावाच्या समजुतीत उष्ण-थंड गुणांची पक्की व्यवस्था होती आणि उकळलेलं पाणी हे आजाऱ्याचं पाणी होतं. धडधाकट माणूस ते कशाला पिईल? माणूस बुडेल एवढ्या पाण्यात जंतू जगतात कसे, ते काय मासे आहेत का, असंही एका बाईनं विचारलं. मला तो प्रश्न रास्त वाटतो. त्याला तिच्या भाषेत उत्तर देणारं कोणी नव्हतं.

साधारण त्याच काळात अमेरिकेत क्षयरोगाच्या तपासणीसाठी छातीचा एक्स-रे फुकट काढून मिळत होता, फिरत्या गाड्या दाराशी येत होत्या, तरी लोक पुरेसे येत नव्हते. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेतले मानसशास्त्रज्ञ गॉडफ्री हॉकबाउम यांनी १,२०० हून अधिक प्रौढांना बोलतं केलं. आपल्यालाही क्षय होऊ शकतो आणि तो लवकर कळला तर फायदा आहे, हे दोन्ही पटलेल्यांपैकी ८२ टक्क्यांनी एक्स-रे काढला होता. दोन्ही न पटलेल्यांपैकी फक्त २१ टक्क्यांनी.

पुढे हे दोन प्रवाह, एक संस्कृती समजून घेणारा आणि दुसरा माणसाच्या मनातले विचार मोजणारा, बराच काळ वेगवेगळे वाहत राहिले. मानसशास्त्राच्या प्रवाहाला अर्थशास्त्राची जोड मिळाली आणि २०१० मध्ये ब्रिटिश सरकारनं लोकांच्या वागणुकीचा अभ्यास धोरणात वापरण्यासाठी खास पथकच नेमलं. पत्राचा मजकूर बदलला, आठवणीचा संदेश पाठवला की परिणाम मोजता येतो, खर्चही थोडा. सरकारांना हे आवडणारच. पण लोस मोलिनोसमध्ये आठवणीचे शंभर संदेश पाठवूनही काय झालं असतं?

संस्कृतीकडे दुर्लक्ष केल्याची किंमत पश्चिम आफ्रिकेतल्या इबोलाच्या साथीत दिसली. मृतदेहातून संसर्ग होत होता आणि मृताला आंघोळ घालणं हे आप्तांचं कर्तव्य होतं. सुरुवातीला संरक्षक पोशाखातली माणसं येत, देह पिशवीत घालून नेत. ना प्रार्थना, ना निरोप. घरचे देह लपवू लागले, रात्री गुपचूप पुरू लागले. मानववंशशास्त्रज्ञ आणि धर्मगुरू यांच्याशी बोलून जागतिक आरोग्य संघटनेनं नोव्हेंबर २०१४ मध्ये सुरक्षित आणि सन्मानपूर्वक दफनाची पद्धत जाहीर केली. त्यात कुटुंबाला विचारणं होतं, प्रार्थनेला जागा होती, कफनाची सोय होती. विषाणू तोच होता. बदलली ती वागणूक, आणि तीही आधी आरोग्ययंत्रणेची.

त्याच वर्षी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं आरोग्यक्षेत्रात संस्कृतीकडे होणारं दुर्लक्ष हा जगभरच्या आरोग्याच्या प्रगतीतला सर्वांत मोठा अडथळा ठरवला. लसीकरणात, लस न घेणाऱ्या गटांची अडचण आधी समजून घ्यायची, मग कार्यक्रम आखायचा, ही रीत जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागानं २०१३ पासूनच आणली होती. पुढे कोविडनं सगळ्यांनाच हा धडा दिला. २०२२ मध्ये याच विभागातल्या देशांनी ‘वर्तनविषयक आणि सांस्कृतिक’ समज धोरणात आणण्याचा आराखडा स्वीकारला, तर मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य सभेनं, म्हणजे संघटनेच्या सदस्य देशांच्या सभेनं, वर्तनशास्त्रांवर ठराव केला. या ठरावाच्या शीर्षकात ‘सांस्कृतिक’ हा शब्द नाही, आणि ते मला खटकतं.