आधी पकडायचे की थांबायचे? काळ्या पायांच्या फेरेटची पार्श्वभूमी

नोव्हेंबर २०२५ मध्ये बेळगावजवळच्या भुतरामहट्टीच्या प्राणिसंग्रहालयात मोजक्या दिवसांत तिसाच्या आसपास काळविटे दगावली. कारण निघाले घटसर्प. पावसाळा तोंडावर आला की म्हशीला ज्याची लस टोचून घ्यायची, तोच हा रोग. एका आवारातला कळप एका तडाख्यात गेला, आणि प्राणी बंदिस्त ठेवून ते वाचतात का, हा प्रश्न पुन्हा वर आला. याचा सर्वांत मोठा दाखला चाळीस वर्षांपूर्वीचा आहे. तो इथला नाही, अमेरिकेतल्या वायोमिंगचा आहे. पण त्या गोष्टीतला एक रोग आपल्या आजी-पणजींच्या ओळखीचा आहे.

प्राणी म्हणजे काळ्या पायांचा फेरेट. चित्र पाहून मुंगूस म्हणावेसे वाटते, पण तो पाणमांजराच्या कुळातला. आणि पाणमांजराचेही नाव आपल्या भागात सरळ नाही. मलप्रभेच्या काठी मराठी माणूस ज्याला मांजर म्हणतो, त्यालाच कन्नड माणूस ‘नीरुनायी’, म्हणजे पाण्यातला कुत्रा म्हणतो. शिवाय ‘उदमांजर’ हा शब्द कोणी पाणमांजरासाठी वापरतो, कोणी कौलांवरून फिरणाऱ्या कांडेचोरासाठी. तिकडेही तीच तऱ्हा आहे: फेरेट ज्याच्यावर जगतो तो प्रेअरी डॉग नावाने कुत्रा, जातीने जमिनीत बिळे करून राहणारी खार. म्हणून इथे फेरेटला फेरेटच म्हटले आहे.

वजन जेमतेम किलोभर. अन्नातला नव्वद टक्के वाटा एकट्या प्रेअरी डॉगचा, आणि राहायलाही त्याचेच बीळ. विसाव्या शतकात गुरांचे गवत वाचवण्यासाठी सरकारनेच या खारींना विष घातले. खार गेली, तिच्या मागोमाग फेरेट गेला.

१९६४ मध्ये साउथ डकोटात थोडे फेरेट सापडले. पुढे १९७१ पासून त्यातले नऊ पकडून मेरीलँडच्या केंद्रात नेले. पाळीव फेरेटला चालणारी डिस्टेंपरची (कुत्र्यांना आणि इतर मांसभक्षकांना होणाऱ्या विषाणूच्या रोगाची) जिवंत लस पहिल्या सहांना टोचली आणि त्या लसीनेच चार मेले. उरलेल्यांना पिल्ले झाली, पण एकही जगले नाही. तोवर रानातलेही दिसेनासे झाले होते. १९७९ मध्ये केंद्रातला शेवटचा फेरेट मेला आणि जात संपली असे सगळ्यांनी धरले. हे अपयश लक्षात ठेवायला हवे, कारण पुढचा वाद त्याच्याच सावलीत झाला.

२६ सप्टेंबर १९८१. वायोमिंगमधल्या मीटीट्सी गावाजवळच्या एका गोठ्यावर रात्री कुत्रा कशाशी तरी झोंबला. सकाळी त्याच्या ताटलीजवळ एक मेलेला प्राणी पडलेला. मालकाने उचलून कुंपणापलीकडे टाकला. मालकिणीला मात्र तो पेंढा भरून ठेवण्याजोगा देखणा वाटला, म्हणून गावातल्या पेंढा भरणाऱ्याकडे नेला. त्याने पाहताच ओळखले. संपलेली जात पुन्हा हाती लागली ती अशी. नंतर रात्री दिवे मारून, डोळ्यांची हिरवी चमक मोजून गणती सुरू झाली. १९८४ मध्ये आकडा १२९ पर्यंत गेला.

वादाचे मूळ इथे आहे. काही अभ्यासक सुरुवातीपासून सांगत होते: संख्या चांगली आहे तोवर थोडे पकडा आणि दुसरीकडे वाढवा, सगळी अंडी एका टोपलीत नकोत. वायोमिंग राज्याच्या वन्यजीव खात्याचे म्हणणे उलटे होते: मागच्या वेळी पकडलेले सगळे मेले, जगाच्या पाठीवरचा हा एकच कळप, त्याला हात कशाला लावायचा? ही भीती खोटी नव्हती. पण बैठकांतला वेळ फक्त त्या भीतीवर गेला नाही. पैसा राज्याने द्यायचा की केंद्र सरकारने, पैदास केंद्र राज्यातच हवे की बाहेर, अखेरचा शब्द कोणाचा, यावर महिनेच्या महिने गेले. ज्यांच्यासाठी हे सारे चालले होते ते प्राणी रोज रात्री बिळातून बाहेर येत होते आणि थंडी गेली की पिल्ले घालत होते. त्यांच्याकडे किती वेळ आहे, हे कोणीच विचारत नव्हते. माझ्या मते खरी चूक ती.

१९८५ च्या उन्हाळ्यात खारींमध्ये प्लेग सापडला. बिळाबिळांत पिसू मारायची पावडर फवारली गेली. मांसभक्षकांना प्लेग फारसा बाधत नाही, असा तेव्हा समज होता, त्यामुळे फेरेटला धोका धरला तो उपासमारीचा. ऑगस्टच्या गणतीत ५८ भरले. मग सहा पकडून एकाच इमारतीत ठेवले. त्यातले दोघे रानातूनच कॅनाइन डिस्टेंपर घेऊन आलेले होते. सहाही मेले.

रानातला कळप प्लेगने नव्हे, डिस्टेंपरने संपतो आहे, हे तेव्हा कळले. घाईघाईने आणखी सहा पकडले आणि या वेळी वेगवेगळे ठेवले. १९८६ मध्ये त्यांना एकही पिल्लू झाले नाही. त्यानंतर रानात जो दिसेल तो उचलायचा असे ठरले, आणि फेब्रुवारी १९८७ मध्ये शेवटचा नर सापळ्यात आला. सगळे मिळून अठरा. त्यातल्या सातांचेच रक्त पुढच्या पिढ्यांत उतरले.

थांबा म्हणणाऱ्यांची बाजू आजही मांडली जाते: आधी पकडले असते, तर रोग पिंजऱ्यात आला असता आणि सगळेच गेले असते. असे घडले असते, हे नाकारता येत नाही. पण १९८४ मध्ये १२९ असताना वीस उचलणे आणि १९८६ मध्ये उरलेसुरले वेचणे यात फरक आहे तो रक्ताच्या विविधतेचा, आणि ती एकदा गेली की पैशाने परत येत नाही.

आता प्लेगविषयी. अमेरिकेत तो १९०० मध्ये सॅन फ्रान्सिस्को बंदरात उतरला. १८९६ मध्ये मुंबईत आलेली आणि पुढे बेळगाव, धारवाड, हुबळीपर्यंत सरकलेली साथ याच जागतिक फेऱ्यातली. घरात उंदीर पडला की गाव रिकामे करून शेतात झोपड्या घालायच्या, हे आपल्याकडच्या घरोघरी ऐकलेले आहे. माणसांना उठून माळावर जाता आले. तिकडे हा जंतू शहरातल्या उंदरांवरून रानातल्या खारींत शिरला तो तिथेच राहिला, आणि खारीला बीळ सोडून जायला जागा नव्हती. फेरेटलाही प्लेग मारतो, हे पुढे नव्वदच्या दशकात स्पष्ट झाले.

१९८७ मध्ये पैदास केंद्रात पहिली पिल्ले जगली. १९९१ मध्ये वायोमिंगच्याच शर्ली बेसिनमध्ये ४९ फेरेट सोडले. पिंजऱ्यात वाढलेल्यांना शिकार येत नाही, हे लवकरच दिसले. म्हणून सोडण्याआधी त्यांना मातीच्या मोठ्या कुंपणात, खऱ्या बिळांत, जिवंत खारींसोबत ठेवण्याची रीत पडली. आजवर अमेरिकेतली आठ राज्ये, मेक्सिको आणि कॅनडा मिळून तीसच्या आसपास ठिकाणी ते सोडले गेले. तरी रानातली संख्या काही शेकड्यांत घुटमळते, कारण मोठी वसाहत जमली की प्लेग येतो. २००८ मध्ये साउथ डकोटातल्या सर्वांत भरलेल्या जागेतही तो पोचला.

अठरांपैकी विला नावाच्या मादीच्या पेशी १९८८ मध्ये गोठवून ठेवल्या होत्या. तिचा वंश चाललेला नव्हता. त्या पेशींतून १० डिसेंबर २०२० रोजी एलिझाबेथ अ‍ॅन ही क्लोन, म्हणजे विलाचीच जनुकीय प्रत, जन्मली. तिला गर्भाशयाच्या दोषामुळे पिल्ले होऊ शकली नाहीत. २०२३ मध्ये जन्मलेल्या अँटोनिया या विलाच्याच दुसऱ्या क्लोनला मात्र २०२४ मध्ये तीन झाली, दोन जगली. सातांच्या रक्तात आठवे मिसळायला छत्तीस वर्षे लागली.

आपल्याकडे हे दूरचे वाटू नये. २०१८ मध्ये गीरमध्ये वीसहून अधिक सिंह गेले तेव्हा त्यांच्यातही हाच कॅनाइन डिस्टेंपर निघाला, आणि तो कुत्र्यांतून रानात जाऊ शकणारा रोग आहे. खानापूर तालुक्यातले भीमगड २०११ मध्ये अभयारण्य झाले, सुमारे १९० चौरस किलोमीटर. त्याच्या आत गावे आहेत, गावांत कुत्री आहेत, आणि तीच कुत्री रात्री ओढ्याला जातात, जिथे पाणमांजर येते. इथल्या छोट्या मांसभक्षकांची पैदास करावी की नाही, हा फार पुढचा प्रश्न. आधी ते किती आहेत ते मोजायला हवे, आणि कुत्र्यांना लस टोचायला हवी.

तिकडे आजही शरद ऋतूत माणसे रात्रभर गाडीवरून दिवा फिरवत बसतात. हिरवी चमक दिसली की बिळाच्या तोंडाशी लांबट सापळा लावतात. सापडलेल्या फेरेटला प्लेग आणि डिस्टेंपरची लस देतात, कातडीखाली चिप बसवतात, आणि उजाडण्याआधी त्याला पकडले त्याच बिळात परत सोडतात.